दोन मोटरांचं, मूठभर वजनाचं फोम विमान: घ्यावं का, आणि मोडलं की जोडावं कसं

ऑनलाइन दुकानांत ‘आरसी प्लेन’, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान, शोधलं की पहिल्या पानावर दहा-बारा विमानं दिसतात, आणि नीट पाहिलं तर त्यांतली निम्मी एकच असतात. रंग वेगळा, स्टिकर वेगळं, नाव वेगळं, पण साचा तोच. फोमचं अंग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० ते ३४ सेंटिमीटर पंख, पंखांच्या पुढच्या कडेला दोन छोट्या मोटरा, पोटात एका सेलची बॅटरी, सोबत दोन स्टिकचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. वजन ३० ते ४० ग्रॅम. किंमत विक्रेत्यानुसार साधारण दीड ते अडीच हजार. हा आढावा या जातीच्या विमानाचा आहे, कुठल्या एका नावाचा नाही.

निकाल आधीच सांगतो. उडवायला मोठं, वारा नसलेलं मैदान मिळत असेल आणि घरात कोणाला सोल्डरिंगची भीती नसेल, तर घ्या. या पैशांत याहून जास्त वेळा दुरुस्त होणारं खेळणं सापडणं कठीण. पण गच्ची, सोसायटीचं पार्किंग किंवा इमारतींमधली चिंचोळी बाग एवढीच जागा असेल तर घेऊ नका. पहिल्याच दिवशी ते शेजारच्या झाडावर किंवा छज्जावर जाईल आणि दोष विमानाला लागेल.

शेपटीत काहीच हलत नाही

खोक्यावरच्या चित्रात शेपटीवर सुकाणूच्या रेघा असतात. त्या नुसत्या रेघा आहेत. या विमानात हलणारा एकही पृष्ठभाग नाही. डावी स्टिक दोन्ही मोटरांचा वेग एकदम कमी-जास्त करते, उजवी स्टिक दोघींमध्ये फरक पाडते. उजवीकडे वळायचं तर डावी मोटर जास्त जोरात, डावीकडे वळायचं तर उजवी. वर-खाली जाण्यासाठी वेगळं काहीच नाही: जोर वाढवला की वेग वाढतो, पंखांची उचल वाढते आणि विमान चढतं, कमी केला की उतरतं. कॅनडाच्या स्पिन मास्टर कंपनीने एअर हॉग्ज मालिकेत ‘एरो एस’ नावाचं छोटं द्विपंखी विमान विकलं होतं, तेही याच तत्त्वावर. बाजारातली आजची विमानं त्याच घराण्यातली, फक्त रेडिओ नवा.

या रचनेचे दोन परिणाम आहेत आणि विकत घेणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी त्यांतूनच येतात.

पहिला: मोटरा बंद म्हणजे दिशाही बंद. घाबरून डावी स्टिक शून्यावर आणली की विमान वळणं थांबवतं आणि नाकासमोर जे असेल तिकडे घसरत जातं. समोर भिंत असली तरी वळवायला थोडा जोर चालू ठेवावाच लागतो.

दुसरा: वळताना उंची जाते. स्टिक पूर्ण वर असेल तर बाहेरच्या मोटरीला आणखी पळायला वावच नसतो, म्हणून बहुतेक सर्किटं आतली मोटर मंद करतात. एकूण जोर घटतो, विमान आतल्या बाजूला कलतं, नाक खाली जातं. अशा वेळी नवशिका उजवी स्टिक आणखी दाबतो. मग विमान गोल गोल फिरत जमिनीत शिरतं. उपाय सोपा आहे, फक्त अंगवळणी पडायला हवा: आधी उंची घ्या, जोर दोन-तृतीयांशावर आणा, मग वळणाची स्टिक अर्धा-अर्धा सेकंद टिचक्या मारल्यासारखी द्या. दाबून धरू नका.

आणखी एक गोष्ट यातूनच निघते. विमान सरळ जायचं तर डावं आणि उजवं सारखं लागतं: मोटर, पंखा, पंखाचा पीळ, चिकटवलेल्या टेपचं वजन, सगळंच. (इथे शब्दांचा घोळ आहे. मोटरीवर फिरतो तो ‘पंखा’, विमानाला असतो तो ‘पंख’. दुकानात सुटा भाग मागताना ‘प्रॉप’ म्हणा, नाहीतर भलतंच हातात येईल.) दुरुस्ती कुठलीही असो, शेवटी ती हेच सारखेपण परत आणण्याची असते.

खोकं उघडल्यावर काय बघायचं

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. या विमानांच्या खोक्यांवर बहुतेक वेळा ‘१४+’ छापलेलं असतं, म्हणून त्यांवर ते चिन्ह असेलच असं नाही. तो आकडा वाचून घ्या. दहा वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर मोठ्या माणसाने शेजारी उभं राहावं, विशेषतः चार्जिंगच्या वेळी.

विमान डोळ्यांसमोर, मागच्या बाजूने धरा आणि एक डोळा मिटून पंखांच्या मागच्या कडेकडे बघा. दोन्ही कडा शेपटीच्या आडव्या पंखाशी समांतर दिसल्या पाहिजेत. प्रवासात दबून एका पंखाला पीळ बसणं हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे, आणि तो रिमोटच्या ट्रिम बटणाने (विमान सरळ ठेवायला दोन मोटरांत बारीक कायमचा फरक ठेवणारं बटण) झाकला जातो, जात नाही. पीळ असेल तर उलट्या बाजूला किंचित जास्त पिळा, हेअर ड्रायर हातभर अंतरावरून २०-३० सेकंद फिरवा आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. गरम असताना सोडलं की फोम पुन्हा मूळ पदावर येतो.

मग पंखांचा उठाव बघा. दोन्ही पंख मधल्या सांध्यापासून टोकाकडे थोडे वर उचललेले असतात आणि तोच उठाव विमानाला आपोआप सरळ करतो. उभी शेपूट सरळ उभी राहील असं विमान टेबलावर धरा आणि दोन्ही पंखांच्या टोकांची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा. ३-४ मिलिमीटरचा फरक चालतो, सेंटिमीटरचा चालत नाही.

आता तोल. माहितीपत्रकात तो सहसा दिलेलाच नसतो. बॅटरी आत बसवून, पंखाखाली दोन बोटांवर विमान उचला. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर ते आडवं राहायला हवं; म्हणजे पंख ७ सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण १८ ते २३ मिलिमीटरवर. शेपटी खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर नाकात अर्धा-एक ग्रॅम क्ले दाबा. नाक थोडं जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं उडतच नाही.

बॅटरी आणि चार्जर

लिथियम पॉलिमरचा एक सेल. खोक्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं, पूर्ण भरल्यावर तो ४.२ असतो. क्षमता साधारण १५० ते ३०० मिलीअँपिअर-तास. १५० च्या बॅटरीवर उड्डाण ५ ते ८ मिनिटं, आणि यूएसबी चार्जरवर भरायला पाऊण ते एक तास. जाहिरातीत ‘१५ मिनिटं’ असेल तर ती मोटरा मंद ठेवून हॉलमध्ये मोजलेली समजा.

चार्जरवरच्या दिव्याला एक नियम नाही. काहींत चार्ज होताना दिवा लागतो आणि भरल्यावर विझतो, काहींत नेमकं उलट. त्यापेक्षा दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. चार्जरवरून काढल्याबरोबर ४.१५ ते ४.२० व्होल्ट दिसलं तर चार्जर ठीक. ४.२५ च्या वर जात असेल तर तो चार्जर कचऱ्यात टाका, बॅटरीला संधी देऊ नका. उडवून आल्यावर, थोडं थांबून मोजल्यास ३.५ च्या आसपास असावं. ३ व्होल्टच्या खाली गेलेला सेल भरला तरी पूर्वीसारखा जोर देत नाही. म्हणून विमान चढेनासं झालं की आणखी एक फेरी मारायचा मोह टाळून उतरवा. विमानाचा स्विच चालू ठेवून ते कपाटात ठेवणं हा सेल मारायचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

आठवडाभर उडवायचं नसेल तर बॅटरी ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, भरलेली ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत तर अजिबात नको. उडवून आल्याबरोबर गरम बॅटरी चार्जरला लावू नका, १५-२० मिनिटं थांबा. फुगलेली बॅटरी टोचून ‘हवा काढण्याचे’ सल्ले ऐकू येतात. टोचलेला सेल पेट घेतो. ती ई-कचऱ्यात द्या.

दुसरी बॅटरी विकत घेताना तीन गोष्टी जुळवा: खाचेत बसणारा आकार, कनेक्टर आणि त्यातल्या तारांची बाजू. कनेक्टर दिसायला सारखा असूनही लाल-काळ्या तारा उलट असू शकतात, आणि उलटी लागली की सर्किट क्षणात जातं. जुनी आणि नवी शेजारी धरून बघा. उलट असेल तर सुईने कनेक्टरची जीभ उचलून पिना अदलाबदल करता येतात. एका वेळी एकच तार बाहेर काढा, दोन्ही एकत्र नकोत. मोठ्या क्षमतेची बॅटरी टाकून वेळ वाढवायचा विचार करत असाल तर वजनाकडे बघा: १५० ची साधारण ४-५ ग्रॅम, ३०० ची जवळजवळ दुप्पट. ३५ ग्रॅमच्या विमानात ४ ग्रॅम वाढले की त्याला तरंगायलाच जास्त वेग लागतो आणि आपटतंही तेवढ्याच जोराने.

रिमोटमध्ये चांगले अल्कलाइन सेल घाला. स्वस्त, अर्धे संपलेले सेल असले की पल्ला कमी होतो. पल्ला तुटल्यावर बहुतेक विमानं मोटरा बंद करतात. मोटरा बंद म्हणजे दिशाही बंद, हे वर आलंच आहे.

हवा, जागा आणि पहिली फेक

हे विमान ताशी सुमारे २० किलोमीटरने उडतं, म्हणजे सेकंदाला ५-६ मीटर. वारा सेकंदाला ३ मीटरचा असेल तर त्याचा अर्धा वेग तिथेच संपला. वाऱ्याच्या दिशेने गेलं तर परत आणताना बॅटरी संपते. चाचणीला उदबत्ती पुरते. धूर सरळ वर जात असेल किंवा हळूच कलत असेल तर उडवा. चेहऱ्यावर वारा जाणवतोय, पानं सळसळतायत, तर विमान खोक्यातच राहू द्या. देशावर हिवाळ्यातली सकाळ उत्तम, सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत. कोकण किनाऱ्यावर खारे वारे सुरू व्हायच्या आत आटपा. संध्याकाळी वारा पडतो, पण अंधारही लवकर पडतो आणि ३० सेंटिमीटरचं विमान ५० मीटरवर नुसता ठिपका असतो. त्याची पाठ दिसतेय की पोट, तेही कळत नाही. पंखाच्या खालच्या बाजूला गडद रंगाच्या टेपची एक पट्टी लावली की ही अडचण निम्मी होते.

मैदान किमान ६० बाय ६० मीटर आणि शक्यतो गवताचं. डांबरावर विमान तुटत नाही, पण प्रॉप आणि मोटरीची दांडी वाकते. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी, आणि मुंबईकरांनी तर नक्कीच, स्थानिक आदेश आधी बघावेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो वर्गाला चालकाचा परवाना लागत नाही, पण विमानतळाभोवतीच्या हद्दी लागू राहतात. मुंबई पोलीस वेळोवेळी काढतात त्या मनाई आदेशांत ड्रोनसोबत रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांचाही उल्लेख असतो.

मोटर चालू करण्याआधी नुसतं फेकून बघा. खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्याच्या समोर, नाक किंचित खाली, भाला फेकल्यासारखं नव्हे तर पुढे सोडून दिल्यासारखं. पाच-सहा मीटर सरळ तरंगत जाऊन पोटावर टेकलं तर छान. नाक वर करून, थबकून पुन्हा खाली गेलं तर शेपूट जड आहे किंवा शेपटीच्या आडव्या पंखाची मागची कड वर वाकली आहे. सरळ खाली खुपसलं तर ती कड दोन मिलिमीटर वर वाकवा. बोटांच्या उबेने फोम वाकतो. एकीकडेच वळत असेल तर आधी पीळ पुन्हा बघा, मग उभ्या शेपटीची मागची कड विरुद्ध बाजूला एक मिलिमीटर वाकवा. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा फेका. दहा फेका झाल्या तरी चालतील, बॅटरी जात नाही.

आता मोटरांसह. बहुतेक संचांत विमान आणि रिमोट चालू करून डावी स्टिक पूर्ण वर आणि पुन्हा पूर्ण खाली नेली की जोडणी होते. ती होईपर्यंत विमान हलवू नका. जायरो (विमान कललं की आपोआप सावरणारा सेन्सर) असलेल्या संचांत तर हे फारच महत्त्वाचं आहे. पूर्ण जोर द्या, आडवं सोडा, वर फेकू नका. दहा-बारा मीटर उंची होईपर्यंत सरळच जाऊ द्या. पूर्ण जोरावर आपोआप वळत असेल तर ट्रिमचं बटण. अर्ध्या जोरावर सरळ आणि पूर्ण जोरावर तिरकं जात असेल तर मात्र ट्रिमने भागणार नाही. तो एका मोटरीचा किंवा प्रॉपचा दोष आहे, खाली बघा.

उतरवताना जमिनीला लागायच्या आधी डावी स्टिक शून्यावर. ही एक सवय निम्म्या दुरुस्त्या वाचवते. प्रॉप गवतात अडकलेला आणि मोटर चालू, अशा स्थितीत फिरती मोटर घेते त्याच्या कितीतरी पट करंट अडकलेली मोटर घेते. मोटरीतले ब्रश (आत वीज पोचवणारे संपर्क) जळतात, नाहीतर सर्किटवरचा मॉसफेट (मोटरीची वीज चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच).

मोडलं की: फोम

आधी फोम ओळखा. नख दाबा. खड्डा भरून आला तर तो ईपीपी, म्हणजे लवचिक जातीचा फोम. करकर आवाज करत खड्डा तसाच राहिला, दाणे सुटले, तर साधं थर्माकोल. स्वस्त माल कधीकधी वर्णनात ईपीपी आणि हातात थर्माकोल असतो. हा फरक गोंदासाठी महत्त्वाचा आहे. साधं फेविक्विक थर्माकोलला विरघळवतं, ईपीपीला नाही. शंका असेल तर बॅटरीच्या खाचेत, आतल्या बाजूला, एक थेंब टाकून बघा.

ईपीपीवरही फेविक्विक जपून वापरावं. सांधा घट्ट बसतो, पण काचेसारखा कडक होतो आणि पुढच्या वेळी त्याच्या शेजारचा फोम फाटतो. सरळ तुकड्यात तुटलेल्या पंखासाठी ते ठीक, तेही रेघभर नाही, दर सेंटिमीटरला एक बारीक थेंब. फेविकॉल दोन फोमच्या मध्ये दिवसभर ओलाच राहतो, कारण पाणी बाहेर जायला वाट नसते. घाई नसेल आणि वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवणार असाल तरच. ग्लू गनचा सांधा लवचिक असतो, पण जड. ७ मिलिमीटर जाडीच्या कांडीचा इंचभर तुकडा म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. हा एक ग्रॅम शेपटीत गेला तर तोल परत आणायला नाकात दोन ग्रॅमहून जास्त लागतात, कारण शेपूट तोलाच्या बिंदूपासून दुपटीहून लांब असते. म्हणून गरम गोंद नाकाकडे, टेप शेपटीकडे, अशी वाटणी ठेवा. ग्लू गनची टोकं थर्माकोल वितळवतात, तिथे कमी तापमानाची गन हवी.

पंख मधून मोडला तर नुसता सांधा पुरत नाही, कणा हवा. एक मिलिमीटरची कार्बन काडी उत्तम. ती नसेल तर पतंगाची बारीक कामटी, तीही नसेल तर नारळाच्या खराट्याचा सरळ हीर. पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून साधारण एक-तृतीयांशावर, ब्लेडने दीड मिलिमीटर खोल चीर द्या. काडी त्यात दाबा, तीन-चार ठिकाणी थेंब, वरून सेलोटेप. काडी तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर जायला हवी. चिकटवताना पंखांचा उठाव राखा; तुटलेला पंख सपाट टेबलावर ठेवून जोडला की विमान त्या बाजूला लोळत जातं. टेपचे तुकडे दोन्ही पंखांवर सारखे लावा, एकच तुटला असला तरी.

चेपलेलं नाक कापून टाकू नका. बॅटरी काढा, सर्किटला वाफ लागू देऊ नका आणि नाक चहाच्या भांड्याच्या वाफेवर २०-३० सेकंद धरा. ईपीपीचे दाणे पुन्हा फुगतात आणि नाक बरंचसं मूळ आकारावर येतं. स्टिकर सुटेल, सुटू द्या.

प्रॉप आणि मोटर

विमान एका बाजूला ओढतंय म्हटलं की आधी प्रॉप. कडेला खरचटलेला किंवा वाकलेला प्रॉप जोर कमी करतो आणि थरथर वाढवतो. काढताना पिळू नका, मागून दोन बारीक स्क्रू-ड्रायव्हरने सरळ पुढे ढकला. बसवताना छापील अक्षर किंवा आकडा असलेली बाजू उड्डाणाच्या दिशेला. या विमानांत डाव्या-उजव्या मोटरा बहुधा उलट्या दिशांना फिरतात आणि प्रॉपही दोन जातीचे असतात, त्यांवर ए-बी किंवा तत्सम खूण असते. चुकीचा लावला तर तो हवा पुढे फेकतो. विमान हातात धरून, मोटर मंद चालवून, पंखामागे कागदाची पट्टी धरा. दोन्हीकडे ती सारखीच मागे उडाली पाहिजे. दांडीवर प्रॉप सैल बसत असेल तर भोकाचं माप जुळलेलं नाही. ०.८ आणि १ मिलिमीटरच्या दांड्या डोळ्यांना सारख्याच दिसतात.

प्रॉप ठीक, तरी एक मोटर मंद? दांडीभोवती केस किंवा धागा गुंडाळलेला बघा. गवतातून आणि सतरंजीवरून हमखास येतो. चिमट्याने सोडवा, सुईच्या टोकावर बसेल एवढं शिलाई मशीनचं तेल पुढच्या बुशवर (दांडी जिच्यातून बाहेर येते त्या छोट्या कडीवर) लावा. जास्त लावलं तर ते आत ब्रशवर जातं आणि मग खरोखरच मोटर बदलावी लागते.

पुढची तपासणी मल्टिमीटरने. प्रॉप काढा, मोटर सर्किटपासून सोडवा, बॅटरीला मीटरमधून जोडा, दोन्ही मोटरांचा रिकामा फिरतानाचा करंट बघा. आकडा किती याला महत्त्व नाही, दोघींचा सारखा हवा. एक दीडपट घेत असेल तर तिचे ब्रश किंवा बुश झिजलेत. या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरांचं आयुष्यच काही तासांचं असतं, हा दोष नव्हे, जात आहे.

नवी मोटर मागवताना व्यास आणि लांबी मोजा: ६१५ म्हणजे ६ मिलिमीटर व्यास आणि १५ लांबी, ७१६ म्हणजे ७ आणि १६, ८५२० म्हणजे साडेआठ आणि २०. तारांचा रंगही बघा. लाल-निळ्या तारांची मोटर आणि काळ्या-पांढऱ्या तारांची मोटर उलट दिशांसाठी बनवलेल्या असतात. तारा उलटून एकीच्या जागी दुसरी फिरवता येते, पण ब्रशची बैठक त्या दिशेची नसल्याने ती जोर कमी देते आणि लवकर झिजते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे ड्रोनच्या सुट्या भागांत या मोटरा विचारा. जोडीच घ्या. जुनी आणि नवी एकत्र लावली की नवी पळते, जुनी रेंगाळते, आणि ट्रिमचं बटण टोकाला गेलं तरी विमान वळतच राहतं.

बदलण्याचा सोपा क्रम असा: तारांचा फोटो काढून ठेवा, प्रॉप काढा, मोटर प्लास्टिकच्या कड्यातून पुढच्या बाजूने बाहेर ढकला, जुन्या तारा मोटरीपासून दोन सेंटिमीटरवर कापा आणि नवीच्या तारा त्यांना जोडा. सर्किटवर थेट सोल्डर करायला जाऊ नका, तिथली तांब्याची टिकली जास्त उष्णतेने उखडते. २५ वॅटची बारीक टोकाची सोल्डरिंग गन, ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक सोल्डर, दोन सेकंदांचा स्पर्श. सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), नाहीतर टेप. बॅटरी अर्थात बाहेर.

सर्किट

मोटर बॅटरीवर थेट फिरते पण विमानात फिरत नाही, तेव्हा सर्वांत आधी तार हलवून बघा. केसासारख्या तारा सोल्डरच्या टिकलीजवळच तुटतात, कारण प्रत्येक आपटण्याचा ताण तिथेच येतो. जोडल्यावर त्यावर गरम गोंदाचा मुगाएवढा थेंब ठेवा, पुन्हा तुटत नाही.

विमान चालू केलं की एक मोटर आपोआप पूर्ण वेगाने पळते, रिमोट काहीही म्हणो? तिचा मॉसफेट शॉर्ट झालाय. मोटर अजिबात फिरत नाही आणि तार धड आहे? मॉसफेट जळून आतून तुटला असेल. तीन पायांचा, तांदळाच्या दाण्यापेक्षाही छोटा भाग. त्यावर ‘ए२एसएचबी’ अशी खूण असेल तर तो एसआय२३०२ जातीचा, एसओटी-२३ आकाराचा. लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळतो. बदलायला भिंग, फ्लक्स आणि न थरथरणारा हात लागतो. आधी मोटर तपासा, कारण अडकलेली मोटर तशीच ठेवून नवा मॉसफेट लावला तर तोही जळेल. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे. बॅटरी आणि मोटर सोबत न्या, नाहीतर तो तपासणार कशावर?

पावसात किंवा दवात भिजलं तर बॅटरी लगेच काढा, सर्किट उघडं करून पंख्याखाली दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर लांबूनच. ओलं असताना ‘चालतंय का’ बघायला स्विच दाबू नका.

थोडे जास्त पैसे द्यावे का

तीन चॅनेलची (तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येणारी), शेपटीत छोटा सर्व्हो (शेपटीचा पृष्ठभाग हलवणारी मोटर) असलेली, अर्धा मीटर पंखांची, सेस्ना या छोट्या खऱ्या विमानासारखी दिसणारी विमानंही मिळतात. त्यांत वर-खाली वेगळं हाताळता येतं, जायरो असला तर हलका वाराही सोसतात. शिकायला ती नक्कीच बरी. पण सर्व्होचे दात आणि त्याची काडी हे दोन नवे नाजूक भाग येतात, आणि प्रत्येक साच्याचा सर्व्हो वेगळा असल्याने सुटा भाग मिळण्याची खात्री नाही. पहिलं विमान म्हणून दोन मोटरांचंच घ्यावं. सोबत एक जादा बॅटरी आणि प्रॉपच्या दोन जोड्या त्याच ऑर्डरमध्ये मागवा. सहा महिन्यांनी तो विक्रेता त्याच नावाने दुसराच साचा विकत असेल.

झाडावर अडकलं तर दगड मारू नका. दगडाने पंख तुटतो आणि विमान तिथेच राहतं. स्विच चालू आहे आणि पल्ल्यात आहे तोवर मोटरांना क्षणभर जोर देऊन बघा, पानांतून कधीकधी सुटतं. नाहीतर लांब बांबू, टोकाला आकडी. रात्रभर वर राहिलं तर बॅटरी मेलेली समजा.

फोम इतका ठिगळलेला झाला की वजन ४५ ग्रॅमवर गेलं, तर जोडत बसू नका. सर्किट, दोन मोटरा, प्रॉप आणि बॅटरी काढून घ्या. हॉबी दुकानात मिळणाऱ्या ३ मिलिमीटरच्या डेप्रॉन (थर्माकोलच्याच जातीचा गुळगुळीत फोम) शीटमधून ३४ बाय ८ सेंटिमीटरचा पंख कापा, मधून प्रत्येक बाजूला दीड-दोन सेंटिमीटर उठाव द्या, कामटीचा कणा लावा, ३० सेंटिमीटरची काडी अंग म्हणून घ्या, शेवटी १२ बाय ५ ची आडवी शेपूट आणि तिच्यावर उभी. मोटरा मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, प्रॉप एकमेकांना आणि अंगाला न लागता. तोल तोच, २५ ते ३३ टक्के. फक्त डेप्रॉनला साधं फेविक्विक लावू नका, विरघळेल.